लेकी बोले

१४ एप्रिल, सोमवार

"मावशी, आता काय करायचं?" — हे वाक्य आज इतक्यांदा ऐकलं की कान किटले. शाळांना सुट्टी लागली आणि पाळणाघरातली मोठी पोरं आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याच गळ्यात. तान्ह्यांचं बरं असतं, खातात आणि झोपतात. आठ-दहा वर्षांची झोपत नाहीत. खातात मात्र सारखी.

चित्रं काढून झाली. कागदाच्या होड्या करून झाल्या, बादलीत बुडवून झाल्या. मग बाहेरच्या खोलीत क्रिकेट. चेंडू पंख्याला लागला आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काठीने छत ठोकायला सुरुवात केली. तेव्हा कुठे अकरा वाजत होते. अजून अख्खा उन्हाळा जायचाय.

१६ एप्रिल, बुधवार

भोंग्याने आज वकिलीणबाईंना ढकललं. भोंगा म्हणजे रडायला लागला की गल्ली गोळा करणारा. वकिलीणबाई म्हणजे नऊ वर्षांची पोरगी, जिला "पण काल तुम्हीच म्हणालात" याशिवाय दुसरं वाक्य येत नाही. भोंग्याला रागवायची सोय नाही. गेल्या वर्षी नुसते डोळे वटारले, तर दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात — "आम्ही घरीसुद्धा त्याला काही बोलत नाही हो." ते दिसतंच.

म्हणून मी माझ्या लेकीला झापलं. "ढकलाढकली केलीस तर आज खाऊ मिळणार नाही, सांगून ठेवते!" ती कोपऱ्यात पुस्तक वाचत होती बिचारी. भोंगा जागच्या जागी गार. लेकी बोले सुने लागे — म्हणी काही उगाच पडलेल्या नाहीत.

आमचं हे ठरलेलंच आहे. मी झापते, ती मान खाली घालते आणि हळूच मला डोळा मारते. मग मला हसू दाबता दाबता पुरेवाट. दहा वर्षांची आहे, पण असा साथीदार शोधून सापडायचा नाही.

१९ एप्रिल, शनिवार

तिच्या बाबाचा फोन. वेगळे झाल्यापासून तो तिलाच फोन करतो. आज मला केला.

"जूनपासून तिला माझ्याकडे ठेवू या का? शाळा चांगली आहे. घरासमोर बाग आहे." मी म्हटलं, "आणि इथे काय उकिरडा आहे?" तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही. "तिलाच विचार. सुट्टी संपेपर्यंत ठरवू दे. ती म्हणेल ते."

ती म्हणेल ते! तिला सांगितलं. "बघते," म्हणाली आणि खोडरबर शोधायला गेली.

चांगली नोकरी होती माझी. ती सोडून घरात हा बाजार मांडला तो कशासाठी? शाळेतून आल्यावर हिला दाराला कुलूप दिसू नये म्हणून. हे तिला बोलले नाही. बोलून थांबवायचं म्हणजे भीकच मागायची. पण ती गेली तर मी हे सगळं कोणासाठी करायचं, ते मला कोणी सांगावं.

२२ एप्रिल, मंगळवार

जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या. अर्धा तास निभावला. मोजे कायमचे गेले.

२८ एप्रिल, सोमवार

नाटक बसवायचं काढलं. राणी कोण? माझ्या लेकीने हात वर केला, वकिलीणबाईंनीही केला. मी राणी वकिलीणबाईंना दिली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी नेहमी उलटंच करते. खाऊ वाटताना ही शेवटी. डुगडुगणारी खुर्ची हिची. तुटके खडू हिचे. कधी कुरकुर नाही.

हिला झाड केलं. "झाडाला काही बोलायचं नसतं का?" मी म्हटलं, "नसतं." डोक्यावर हिरवा टॉवेल घेऊन उभी राहिली, पार शेवटपर्यंत. राणी मधेच भांडून निघून गेली. भोंगा सिंहासनावर चढून रडला. झाड तेवढं नीट झालं.

४ मे, रविवार

आज फक्त आम्ही दोघी बाहेर जायचं, असं पक्कं केलं होतं. आधी चादरी धुतल्या. मग भिंतीवरचे खडू पुसले. मग जरा पाठ टेकली ती दिवेलागणीलाच उठले. तिने चादरी काढून, घड्या घालून ठेवल्या होत्या.

"उठवलं का नाहीस गं?"

"दमली होतीस."

नळ सोडून रडून घेतलं. मग बादली भरली होती, म्हणून फरशीही पुसून टाकली.

९ मे, शुक्रवार

भोंग्याने न्हाणीघराचा नळ उघडा टाकला. पाणी खाली झिरपलं. आजोबा स्वतः वर आले, धापा टाकत. "आता घरमालकांनाच सांगतो. घर आहे का कोंडवाडा?" मालकांनी एक शब्द बोलायचा अवकाश, पाळणाघर बंद.

आणि मी वळून लेकीवर तुटून पडले. "अक्कल आहे का तुला? किती वेळा सांगायचं? एवढी घोडी झालीस!" आजोबासुद्धा म्हणाले, "जाऊ द्या, लहान आहे." तिने मान खाली घातली. या वेळी डोळा मारला नाही.

पोरं गेल्यावर दोघी पाणी निपटत बसलो. फडकं पिळता पिळता म्हणाली, "आई, आजचं खरं होतं का खोटं?"

"खोटंच गं."

"बरं."

खोटं होतं का? बोलत होते तेव्हा मला तरी ते कुठे माहीत होतं.

१० मे, शनिवार

तिला सांगितलं, आजपासून तुला उगाच रागावणार नाही. तर म्हणते, "मग भोंगा कसा ऐकेल?"

१५ मे, गुरुवार

ऐकत नाहीच. कोणीच ऐकत नाही. भोंगा टेबलावर, टेबलावरचं सगळं खाली. वकिलीणबाई — "मावशी, तुम्ही आता हिला रागवत नाही का?" कोडी संपली, गोष्टी संपल्या, आवाज बसला. शेवटी टीव्ही लावला. संध्याकाळी एक वडील चपला न काढता दारातूनच — "दिवसभर टीव्हीच असतो म्हणे." म्हणे! हो, असतो. एक दिवस सांभाळून दाखवा.

खिडकीजवळची चांगली खुर्ची लेकीला दिली. खाऊ आधी तिला दिला. तिने तो सगळ्यात लहान पोराला देऊन टाकला आणि जाऊन डुगडुगत्या खुर्चीवर बसली. सवय झाली आहे म्हणाली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

२४ मे, शनिवार

मी विचारत नाही, ती सांगत नाही. बाबाशी फोनवर बोलताना दार लोटून घेते. आतून हसण्याचा आवाज येतो.

लोकांच्या पोरांना काय आवडेल यावर दिवसभर डोकं चालवते. हिला काय आवडतं असं कोणी विचारलं, तर मला पटकन सांगता येणार नाही. पूर्वी आलं असतं.

३० मे, शुक्रवार

"मी जाते, आई." मी केळी कापत होते. सगळी पोरं ताटल्या घेऊन बसलेली. मी म्हटलं, "बरं." एवढंच सुचलं! मग उरलेली केळी कापली आणि वाटली.

का जाते ते विचारायची गरजच नाही. जगावर सोडायचं ते तोंड मी सगळं हिच्यावरच सोडलं. परवा बाबा येतोय. पोरी, कपडे मी भरून देईन. तेवढं जमेल मला.

१ जून, रविवार

गेली. दुपारपासून बूट घालून दाराशी बसली होती, पिशवी मांडीवर. शेवटी न राहवून विचारलंच — मी सगळ्यांसमोर बोलायचे, म्हणून ना?

"नाही गं, आई. त्याचं काय." जिन्यात पावलं वाजली तशी ती उठून उभी राहिली. "सगळ्यांना संध्याकाळी कोणीतरी न्यायला येतं. मला कधी कोणी न्यायला आलंच नाही."

अगं, पण मी तर घरातच होते.