खिडकीतला कप

४ मे
घरामागच्या शेतात केळीची कटाई. रावेरहून ट्रक आलाय. सातपुड्यातल्या पाड्यावरून रुमली आणि तिच्या घरची माणसं कामाला. चहा दिला. रुमलीने नेहमीसारखा बाहेरच्या ओट्याच्या खिडकीतला कानतुटका कप घेतला, पिऊन विसळला, परत तिथेच. ही पद्धत अक्कांची, म्हणजे सासूबाईंची. माझ्या माहेरी, पारोळ्याला असलं काही... असो. तिथेही होतंच.

५ मे
मेल्याहून मेल्यासारखं झालं आज.
माझी चिमी आणि रुमलीची गंगा ओट्यावर भातुकली खेळत होत्या. चिमीने बाहुल्यांना छोट्या कपांत चहा दिला, गंगाला करवंटीत. "तुझं हे. बाहेरचं." डोक्यावर घड घेऊन रुमली तिथेच उभी. सगळं ऐकलं तिने.
चिमीला आत ओढली. कोणी शिकवलं हे?
"त्यांचे हात काळे असतात ना."
अगं, केळीचा चीक तो! आपल्याच केळीचा. पप्पांचे नाहीत काळे? त्यांच्या हातून तर वरणभात खातेस.
मग म्हणते, "मग पप्पांना तू खिडकीतला कप का नाही देत?"
इतकी वर्षं अक्कांच्या नावाने बोटं मोडली. त्या कपात चहा ओतते मीच.

६ मे
रुमलीला घरातल्या कपात चहा दिला. निळ्या फुलांचा. अक्का आतून, "काय व, पाहुणे आले का?" ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
कालचं बोलायला गेले. "जाऊ द्या ताई, पोरंच ती." हसली नाही मात्र. चहा प्यायली, कप विसळला आणि खिडकीत ठेवला, तुटक्याशेजारी.
म्हटलं, आत दे ना.
"राहू द्या. उद्या पुन्हा इथंच यायचा तो."
राग आला तिचा. का आला, तेही कळतंय.

७ मे
निळा कप मीच आत आणला. घासला. परत घासला. मांडणीत ठेवला.
दुपारी स्वतःपुरता चहा केला. हात निळा सोडून शेजारच्या कपाकडे गेला. ओतून झाल्यावर लक्षात आलं. लिहितानाही लाज वाटतेय. मागे वळले तर चिमी दारात, बघत.
निळा खाली काढला. दोन्ही समोर आहेत, एक भरलेला, एक रिकामा, आणि मी हे लिहीत बसलेय.
"मम्मी, चहा गार होतोय," चिमी म्हणतेय.