जिनतच्या कॅमेऱ्याची तजवीज

मी, दिगंबर रामचंद्र सुपेकर, वय एकाहत्तर, धंदा कॅमेरादुरुस्ती, राहणार शुक्रवार पेठ, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नीचे मत निराळे आहे. उजवा हात थरथरतो, म्हणून मजकूर सांगून टाइप करून घेतला.

१. राहते घर व बँकेतील सर्व ठेवी पत्नी सौ. सत्यशीला हिला. तिने यातून कोणाला उसने देऊ नयेत, विशेषतः तिच्या भावाला.

२. दुकानाबाहेरचे लाकडी स्टूल शेजारचे कॅमेराविक्रेते श्री. श्याम गुगळे यांना. त्यावर बसून ते माझ्याच गिऱ्हाइकांना नवे कॅमेरे खपवत आले. आता हक्काने बसावे.

३. मंडईजवळचा दुकानाचा गाळा, दुरुस्तीची सर्व हत्यारे आणि सुट्या भागांसाठी जुन्या बाजारातून घेतलेले एकाच बनावटीचे तीन बंद कॅमेरे मुलगा चि. तेजस याला. मात्र गाळा व हे कॅमेरे त्याने विकू नयेत. कारण नीट सांगतो.

जिनत शेख ही माझी वीस वर्षांची गिऱ्हाईक. मुसलमान घरांतल्या लग्नांत बायकांच्या बाजूचे फोटो ती काढते. लग्न उरकले की रोल काढून नवरीच्या आईच्या हातावर ठेवते. कुठे धुवायला द्यायचा ते त्या घराने ठरवायचे. या विश्वासामुळे तिच्या तारखा मिळत नाहीत. बाजार खुला झाला, परदेशी कॅमेऱ्यांनी दुकाने भरली, पुढे डिजिटल आले. ही आपली तोच एक कॅमेरा गळ्यात घालून, वरच्या तिन्हींच्याच बनावटीचा. लेन्सही एकच. उजेड पाहून, आकड्यांकडे न बघता लेन्सचे कडे फिरवते, आणि तेव्हा तिचा चेहरा असा खुलतो की बघणाऱ्याचेही काम करायला मन होते. मला या बाईचे फार कौतुक वाटते.

आमचे चिरंजीव आयटीत. दर दिवाळीला वेगळ्या कंपनीचा कॅमेरा, मग जुन्या लेन्स त्याला बसत नाहीत म्हणून नव्या लेन्स. फोटो मात्र मांजराचेच.

गेल्या महिन्यात जिनतच्या कॅमेऱ्याचे शटर अडकले. रविवारी लग्न, आणि माझ्या बोटांत स्क्रू ठरेना. तेजसने आपला नवा कोरा कॅमेरा तिच्यापुढे ठेवला.

"दीदी, हा ठेवा तुम्ही. गिफ्ट समजा."

तिने तो डोळ्याला लावला, मन लावून पाहिला आणि परत दिला. "चांगला आहे. पण तेजसभाई, मला माझा आवडतो. आवडतो तर बदलू कशाला?"

"आणि तो दुरुस्तच नाही झाला तर?"

"तर काम बंद. काका आहेत तोवर चालेल."

तेजस माझ्या खुर्चीत बसला, भिंग डोळ्याला लावले आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा, मी करतो." तीन दिवस ऑफिसातून थेट दुकानात येत होता. शनिवारी संध्याकाळी शटर सुटले. जिनतने कॅमेरा कानाशी धरून दोनदा वाजवला आणि हसली. तेजसही हसला. नवे खोके उघडताना मी त्याला असे हसताना कधी पाहिले नव्हते.

४. म्हणून हत्यारे त्याला. दुरुस्तीचे पैसे जिनतकडून घ्यावेत, फुकटचे तिला खपत नाही. वकील म्हणतात, न विकण्याची अट कोर्टात टिकणार नाही. तेजसपुढे टिकेल.

५. जिनतने आपण होऊन कॅमेरा खाली ठेवला की ही अट संपेल. तो दिवस कधी येणार, असे तिला कोणीही विचारू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

स्थळ: पुणे
दिनांक: १४ डिसेंबर २००८

(सही) दिगंबर रामचंद्र सुपेकर

साक्षीदार:
(सही) संभाजी विठ्ठल भिंताडे, शुक्रवार पेठ
(सही) इंदुबाई केशव लोणकर, मांजरी