दोन हजार मीटरखालचं पाणी

३ फेब्रुवारी २००२, नाशिक

बाटली फुटली नाही! चेन्नईला जहाजावरून उतरल्यापासून मांडीवर धरून आणली. बंगालच्या उपसागराचं पाणी, दोन हजार मीटर खोलीवरचं. त्यात औषध जास्त पडलं म्हणून नमुना बाद झाला, नाहीतर मला कोण देणार?

आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन पाणीच आणलंस? साडी तरी आणायचीस!" सरितावहिनीनं मात्र बाटली उजेडात धरून पाहिली. मी सांगितलं — या पाण्यानं हजारेक वर्षांत ऊन पाहिलेलं नाही. उगाच सांगितलं. सहसा मी असं काही बोलत नाही.

बाटली कपाटात ठेवली.

५ फेब्रुवारी

वहिनीचं डोहाळजेवण झालं. सातवा महिना. फुलांच्या दागिन्यांत अवघडून बसली होती. बायकांनी विचारलं, काय खावंसं वाटतं? "खारट."

गोजरामावशी म्हणाली, "मीठ पुरेना म्हणतात हिला. नणंदेनं समुद्र आणलाय ना, पाजा तोच!" सगळ्या हसल्या. मीही.

७ फेब्रुवारी

आईचं पित्त उसळलंय. कालपासून उलट्या. तळण फार झालं, म्हणते. सूतशेखराच्या गोळ्या घेते. दवाखाना नको.

८ फेब्रुवारी

आईच्या पायांवर सूज. "दोन दिवस उभी होते ना."

९ फेब्रुवारी

अहिरे सरांनी माझ्या जुन्या कॉलेजात बोलावलं होतं — मुलांना समुद्राच्या पाण्यातले क्षार मोजून दाखव म्हणून. बाटली घेऊन गेले. रीत साधी: पाण्यात थोडं पिवळं क्रोमेट घालून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. आधी दाट पांढरा साका, क्षार संपले की लाल रंग.

पहिल्याच थेंबांना लाल!

पुन्हा केलं. तेच. सर हळूच म्हणाले, "अगं, हे तर आपल्या नळाचं पाणी." मग मी झाकणावरची टेप पाहिली. नीट, गुळगुळीत चिकटवलेली. माझी अशी नव्हती.

संध्याकाळी

वहिनीला विचारलं. रडायलाच लागली. "आईंनी दिलं वो ताई. डोहाळे मोडू नाय म्हणे, बाळाचे कान फुटतात. तुम्ही रागवाल म्हणून बाटलीत नळाचं भरलं."

मी ओरडले. मी! या घरात मी कधी ओरडलेले नाही. त्यात मर्क्युरिक क्लोराइड आहे — पाऱ्याचं विष! जिवाणूंनी पाणी बदलू नये म्हणून घालतात. तेच 'औषध' जहाज हलल्यावर जास्त पडलं होतं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर मी नुसतं रासायनिक सूत्र लिहिलं. आईनं ते कसं वाचावं? 'विष' असे दोन शब्द... दोनही नाहीत, एकच लिहायचा होता.

आई भिंतीला टेकली. एवढंच म्हणाली, "बाळाला काही होईल का गं?" मग दादाला, "रिक्षा आण. मला उठवत नाही, तुम्ही जा."

दवाखान्यात बाळाचे ठोके ऐकवले. व्यवस्थित. वहिनीचं रक्त मुंबईला पाठवलं.

१० फेब्रुवारी, सकाळ

वहिनीला विचारलं, नक्की किती प्यायलीस? "जिभेला लावलं नुसतं. लय कडू. थुंकलं."

मग बाकीचं?

"ते आईंनी तांब्यात काढलं. म्हणाल्या, समुद्राचं तीर्थ मोरीत नाय ओतायचं. रोज पूजा झाली की वाटीभर प्यायच्या. काल सकाळी संपलं."

पित्त नव्हतं.

दादा रिक्षा आणायला धावलाय. आईला कालपासून लघवी नाही. मी जवळ गेले, तर विचारते — "मुंबईहून काही कळलं का? बाळ बरं आहे ना?"