दाराकडची खुर्ची

३ मार्च
ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा नोकरी बदलली म्हणून चिडू नकोस. भिंगरी म्हण, पण इथं मन लागलंय. रिबिनीएवढी पातळ पट्टी लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत, मोठ्या चुंबकाच्या मधोमध धरायची, हे माझं काम. तेवढ्या गारठ्यात तिच्यातून वीज जराही न अडखळता धावते. पण बया लाडाची. थोडी ऊब लागली की दम कमी, चुंबकाचा जोर वाढला की आणखी कमी. त्यात चुंबकाकडे तोंड करून धरली तर लवकर हरते, कडेनं धरली तर बरंच सोसते.

आई माझी वाट बघत दाराकडे तोंड करून बसते, घास उतरत नाही, असं लिहिलंस. तिची खुर्ची जरा वळवून बघ. हसू नकोस. प्रयोगशाळेच्या मॅडमनी सुट्टी दिलीय, पंधरवड्यात निघतो.

लोभ आहेच, तो तुटू देऊ नकोस.
तुझा भिंगरी

१२ मार्च
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

हसले, पण खुर्ची खिडकीकडे वळवली. आई आधी कुरकुरली, मग समोरचा शिंपी कापड वाकडं कापतो म्हणून त्याला नावं ठेवत अख्खं ताट संपवलं. तुझे दाजी म्हणाले, मेहुणा एकदाचा कामाला आला. तरी बाहेर पावलं वाजली की तिची मान दाराकडे वळतेच. लवकर ये.
तुझी ताई

१९ मार्च
ति. ताईस शि. सा. न.

आई जेवते वाचून जीव भांड्यात पडला. मग सुट्टी पुढे ढकलली. चाचणी संपवूनच येतो.
भिंगरी

२ एप्रिल
चि. भिंगरीस आशीर्वाद.

तार मिळाली असेल. सकाळी चहा घेऊन गेले तर आई खुर्चीतच गेलेली. खुर्ची दाराकडे होती. आम्ही कुणी वळवली नव्हती. फरशीवर ओरखडे आहेत. एवढं बळ तिनं कुठून आणलं, कळत नाही. स्वतःला दोष देऊ नकोस.
ताई

८ एप्रिल
ति. ताईस शि. सा. न.

तार आली तेव्हा चाचणी चालू होती, टाकीकडे बघायचं राहूनच गेलं. टाकीतला नायट्रोजन उतरला, वीज चालूच राहिली, पट्टी जळाली. मी वेड्यासारखा टाकी पुन्हा भरत बसलो. मॅडम म्हणाल्या, जळलेली पट्टी कितीही गार केलीस तरी वीज नेणार नाही. मग मला खुर्चीवर बसवून त्यांनीच वीज बंद केली.

इतके दिवस यायला तोंड नव्हतं, उद्या निघतोय. फरशी घासू नकोस. खुर्ची आहे तशीच दाराकडे राहू दे. मला एकदा तिच्या समोरून आत यायचंय.

ओरडलीस तरी चालेल, पण माया ठेव.
भिंगरी