मुक्ताच्या खुणांचा पत्ता

सोम. ८ जून ९८
परदेशातल्या मार्थाबाईंचं उत्तर आलं. बहिऱ्या मुलांच्या आईबापांच्या ई-मेल ग्रुपवर आमच्या मुक्ताबद्दल लिहिलेलं. वय चार, ऐकू येत नाही, शब्द एकही नाही. बाईंचा मुलगाही तसाच. हातांच्या खुणांची चित्रं एका वेबसाइटवर आहेत म्हणतात. पत्ता दिलाय. क्लिक केलं, पान सापडत नाही.

मंगळ. ९
पत्ता लांबलचक, मेलमध्ये दोन ओळींत तुटलाय. निळी, क्लिक होणारी, फक्त वरची ओळ. वाक्याचा पूर्णविरामही त्यालाच चिकटलेला. मधली रेघ पत्त्यातली की ओळ मोडली म्हणून आलेली? जोडून टाइप केलं, दोन्ही प्रकारे. नाही उघडत. ऑफिसातले सगळे घरी गेलेले, वॉचमन चावी वाजवत उभा. बाईंनाच विचारलं.

शुक्र. १२
बाईंनी पत्ता कोनी कंसात घालून पाठवला. लिहितात, आत आहे ते सगळं पत्त्यातलं, बाहेरचं काही नाही. ओळ तुटली तरी जोडून घ्या, रेघ ठेवा, पूर्णविराम सोडा. उघडलं! पाणी, दूध, आणखी, आई. प्रिंट काढून डोंबिवलीला घरी आणले.
विद्या, मुक्ताची आई, भडकली. "स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलंय ना, हातवारे करू द्यायचे नाहीत? मग ही बोलणार कधी?"
मी मुक्ताला घेऊन बसलो, चित्रं बघून एकेक खूण करून दाखवली.

रवि. १४
जेवताना आमरस. मुक्ताने दोन्ही हातांची बोटं जुळवली. आणखी! विद्याने वाटी भरली, आत निघून गेली. भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली, "आईची कुठली रे?"
ती वळली तशी मी करून दाखवली. अंगठा हनुवटीला, हात उघडा.

मंगळ. २३
मार्थाबाई लिहितात, ह्या खुणा आमच्याकडच्या. तुमच्या तिथल्या बहिऱ्या माणसांना भेटा. हे डोक्यातच आलं नव्हतं. ऑफिसात डिस्पॅचचे म्हात्रे म्हणाले, "शहाडला माझा चुलतभाव हाय, पांडू. बोलत नाय, पन सगला गाव त्याच्याशी बोलतंय."

रवि. २८
शहाडला तिघंही गेलो. पांडू जाळं विणत बसलेला. मुक्ताने आईची खूण करून विद्याकडे बोट दाखवलं. तो हसला, मान हलवली, आणि स्वतःच्या नाकावर नथीच्या जागी बोट टेकवलं. इथली आईची खूण.
"परत दाखवा ना," विद्या म्हणाली. मग लक्षात आलं तिच्या, त्याला ऐकू येत नाही. तिने स्वतःच नाकाला बोट लावलं. पांडूने मान डोलावली. मुक्ता दोघांकडे आलटून पालटून बघत राहिली.
उद्या स्पीचच्या बाईंकडे जायचंय. विद्या म्हणते, "मी बोलते त्यांच्याशी." खुणांचे प्रिंट तिने स्वतःच्या पर्समध्ये घातलेत.