कॅसेटमधली बाई

माय, काल माझ्या लेकीनं मोबाइलवर तुझं शंकराचं भजन लावलं. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलंय, खाली तुझं नाव नाही. ती म्हणाली, "आजीचा आवाज किती बारीक, गोड होता." मी ते बंद करायला लावलं आणि तिच्यावर उगाच खेकसले. राग तिच्यावरचा नव्हता, हे तुलाच तेवढं कळेल.

तुझी पहिली कॅसेट निघाली त्या वर्षी कारखान्याच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरवर तूच गात असायचीस. आपण हरखून गेलो होतो. कंपनीवाला मात्र म्हणाला, आमची कॅसेट खपतच नाही, ही खपली तरच दुसरी काढू. दुसरीची भजनं तू कधीचीच बसवून ठेवली होतीस, भाकरी थापताना तीच गुणगुणायचीस. ट्रॅक्टरवर वाजायच्या त्या सगळ्या माजलगावच्या एका दुकानात चोरून भरलेल्या स्वस्त कापी होत्या. दुकानदाराचं मशीन जुनाट, त्यामुळं कापीत गाणं पळायचं आणि आवाज बारीक व्हायचा. मी चिडले, तर तू म्हणालीस, "वाजू दे की. त्याच्यामुळंच तर गावोगाव बोलावतेत."

खरंच बोलावत होते. महाशिवरात्रीला तेलगावच्या पुढच्या एका गावानं बोलावलं. तू माइकसमोर बसलीयेस, मी मागं टाळ धरून. पहिलं भजन संपायच्या आत मंडपात कुजबुज सुरू होते. एक म्हातारा उठतो. "ही बाई ती न्हाई. कॅसेटमधली लई बारीक गाती. हिचा आवाज जाडा हाय." तू म्हणतेस, "बाबा, मीच हाय ती." कुणी ऐकून घेत नाही. मंडळाची माणसं तुझ्यासमोरचा माइक उचलतात आणि भोंग्यावर तुझीच कॅसेट लावतात. लोक माना डोलवायला लागतात. तू मांडीवर हात ठेवून तिथंच बसलेली. कुणाचं तरी नरडं धरावं असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आपण त्या दुकानात गेलो. तो दुकानदार जराही घाबरला नाही, उलट त्यानं स्टूल पुढं केलं. "बसा मावशी. कंपनीची कॅसेट महाग. ट्रॅक्टरवाला घेतोय व्हय ती? मी भरल्या नसत्या तर तुमाला वळखलं असतं कोण?" त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. तू म्हणालीस, "इक भाऊ, लागंल तेवढ्या इक. पण माझा आवाज तरी माझा ठेव." तो शांतपणे म्हणाला, "आता मशीन बदललं तर गिऱ्हाईक म्हणंल, ही डुप्लिकेट हाय."

कंपनीनं दुसरी कॅसेट काढली नाही आणि तू गायचंच सोडलंस. घरातली कंपनीची एकुलती एक कॅसेट बुरशीनं गेली. त्या माणसानं तुला मोठं केलं का बुडवलं, हे मला अजून ठरवता येत नाही. त्याच्या कापी नसत्या तर माझ्या लेकीला तू ऐकायलाच मिळाली नसतीस. हे मान्य करायला मला जड जातं, पण ते खरं आहे.

हे पत्र कुठं धाडायचं नाहीये, म्हणून सांगते. तुझा खरा आवाज मला आता आठवत नाही. डोळे मिटले की तू मला हाक मारतेस, ती त्या बारीक आवाजात.