टक्

शनिवार, ऑक्टोबर २००२

वारज्याहून, दादाकडून आत्ताच आलो. तो ‘टक्’ अजून कानात आहे.

दादाचा ॲम्प्लिफायर लावला की क्षणभर शांतता असते, मग आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, सगळं ठीक असेल तरच टक् करून स्पीकर जोडतो. दारावर पाहुणा आल्यासारखं त्या टक्‌ला वहिनी म्हणायच्या, ‘‘या, बसा!’’ त्या जाऊन वर्ष होत आलं. त्यांनीच हौसेनं घेतलेल्या स्पीकरवर दादा रोज संध्याकाळी त्यांनी गायलेल्या गाण्यांची कॅसेट ऐकतो.

आज टक् झालंच नाही. पुतण्या निखिल सॉफ्टवेअरवाला, त्याला धीर कुठला!

‘‘बाबा, रिले गेलाय. बायपास करून डायरेक्ट जोडतो.’’

‘‘आधी मीटर लाव. तो अडवतोय, काही कारण असेल.’’

‘‘त्या डबड्यावर विश्वास आहे, माझ्यावर नाही!’’

‘‘ते टक् करून येतं. तू थेट घुसतोस.’’

मीही ‘जोड रे’ म्हणणारच होतो. वर्तमानपत्रातल्या नोकरीनं लावलेली घाई, दुसरं काय?

निखिलनं मीटर लावला आणि हातातली वायर खाली ठेवली. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर जळून सगळा डीसी करंट स्पीकरच्या वाटेवर येऊन थांबला होता. थेट जोडलं असतं, तर स्पीकरची कॉइल जळाली असती. तसे स्पीकर आता मिळतात कुठे?

निखिल स्वतःच तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन नवा ट्रान्झिस्टर घेऊन आला, बसवला, बटण दाबलं. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो.

टक्.

दादा काही म्हणायच्या आत निखिलच हळूच म्हणाला, ‘‘या, बसा.’’

मग वहिनी गायला लागल्या.